कांदिवली सरहद्दीच्या अलीकडे की पलीकडे?

डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आमच्या बहुतेक वाचकांनी वाचली असेल. ‘द अॅडव्हेंचर’ या नावाने ती एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकातही आली. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी या कथेत कानाजवळून निघून जाते. मराठे पानिपत जिंकतात, देश स्वतंत्र राहतो. मुंबई तेवढी भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे उरते. पुण्याहून निघालेली गंगाधरपंतांची गाडी कल्याण मागे टाकून ‘सरहद’ नावाच्या छोट्या स्थानकावर थांबते. तेथून ब्रिटिश अंमल सुरू.

एक घटना बदलून तिचे परिणाम रेल्वेच्या डब्यापर्यंत नेणारी ही कथा आम्हाला आजही आवडते. म्हणूनच ती तपासून पाहावीशी वाटते.

आम्ही कांदिवलीकर. आमचे गाव साष्टी बेटावरचे. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत (१७३७–३९) साष्टी मराठ्यांकडे आली. पानिपतात हरूनही ती त्यांच्याकडेच राहिली. इंग्रजांनी ती घेतली १७७४ च्या अखेरीस, माधवराव पेशव्यांच्या मृत्यूनंतर पुण्यात दुफळी माजल्यावर. मग जिंकलेल्या मराठ्यांनी साष्टी का सोडावी? सरहद्द खरे तर माहीमच्या खाडीवर हवी आणि कांदिवली मराठी मुलखात! कथेत याचा खुलासा सापडत नाही.

दुसरी शंका विज्ञानाची. कथेतील राजेंद्र देशपांडे दोन आधार देतात: लहान कारणातून आकस्मिक मोठा बदल दाखवणारा कॅटास्ट्रॉफी सिद्धांत आणि क्वांटम अनिश्चितता. पण रने तोम यांचा पहिला सिद्धांत योगायोगाचा नव्हे, निश्चित गणिताचा आहे. राहिली अनिश्चितता. २० ग्रॅमची गोळी सेकंदाला ३०० मीटर वेगाने जात असेल, तर तिची तरंगलांबी सुमारे १०⁻³⁴ मीटर येते. अणूचा व्यास १०⁻¹⁰ मीटरच्या आसपास असतो! इलेक्ट्रॉनचा नियम गोळीला असा सरळ लावता येत नाही. कानाची ती काही सेंटिमीटर वाट घोड्याच्या हिसक्याने किंवा बंदूकवाल्याच्या थरथरत्या हाताने बदलेल. हा हिशोब वर्गात जरूर करून घ्यावा.

आमचा खरा आक्षेप मात्र तिसरा आहे. कथेत विजयानंतर पेशवे विज्ञानकेंद्रे उभारतात. यावरून विज्ञान हे विजयाचे फळ, असे मुलांना वाटू शकते. प्रत्यक्ष उदाहरण उलटे आहे. तंजावरचे सरफोजी राजे (१७९८–१८३२) यांच्याकडे १७९९ च्या तहानंतर किल्ल्यापलीकडे सत्ता उरली नव्हती. तरीही त्यांनी छापखाना घातला, ‘धन्वंतरी महाल’ चालवला, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या, सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. इंग्रजांच्या छायेतल्या त्या चिमुकल्या राज्यात विज्ञान आले ते जिज्ञासेमुळे. उलट पुण्यात १८१८ पर्यंत सत्ता होती, पण असे काही उभे राहिले नाही.

तेव्हा ही कथा मुलांना अवश्य वाचून दाखवावी. मात्र ‘आपण जिंकलो असतो तर?’ एवढ्यावर न थांबता ‘जिंकल्यावर आपण काय शिकलो असतो, आणि कशावरून?’ हेही विचारावे. गोळी कोठून गेली हे आपल्या हाती नव्हते; हा प्रश्न विचारणे आहे.