स्यूडोजीनला 'मेलेलं' म्हणायची घाई

डोंबिवली-कल्याणच्या किराणा दुकानांत हल्ली खपली गव्हाच्या पिठाची पाकिटं दिसतात. ती आरोग्याच्या नावावर खपतात. पण शेतकऱ्याला जाणवणारा फरक मळणीतला: खपलीचा दाणा टरफलातून सहज सुटत नाही, साध्या गव्हाचा सुटतो. यात मोठा वाटा 'क्यू' नावाच्या जनुकाचा. आज ज्या शोधनिबंधाशी मला थोडं भांडायचंय, तो याच जनुकावरचा आहे (पीएनएएस, 2011).

आधी थोडी पार्श्वभूमी. खपलीत ए आणि बी अशा दोन पूर्वजांचे जीनोम आहेत, गुणसूत्रं 28. साध्या गव्हात डी हा तिसराही आला, म्हणून 42. म्हणजे बऱ्याच जनुकांच्या तीन-तीन प्रती. एक बिघडली तरी उरलेल्या दोन निभावून नेतात, त्यामुळे बिघाड साचत जातात. अशी बिघडलेली प्रत म्हणजे स्यूडोजीन. 2018 च्या गव्हाच्या जीनोममध्ये खात्रीची जनुकं 1,07,891 आणि स्यूडोजीन त्यांच्या दुपटीहून जास्त!

आता क्यू. निबंध म्हणतो: मुख्य काम 5ए गुणसूत्रावरची प्रत करते, 5डीवरची थेट हातभार लावते, 5बीवरची मात्र स्यूडोजीन झाली. इथवर ठीक. पण त्याच सारांशात हेही आहे की 5बीची प्रत अप्रत्यक्षपणे या गुणधर्माला मदत करते, कारण तिन्ही प्रतींचं नियंत्रण एकमेकींत गुंतलेलं आहे. मग ती मेली कशी?

लेखकांचा निकष क्रमाचा आहे: या प्रतीतून धड प्रथिन बनू शकत नाही. प्रथिनापुरतं ते बरोबरच. पण नाव पूर्ण जनुकाला चिकटतं. आणि 'अप्रत्यक्षपणे' या एका शब्दावर केवढं ओझं! नेमकं कसं, हे कळायला हवं होतं.

तरी त्यांनी दोन्ही गोष्टी मांडल्या, हे त्यांचं मोठेपण. अडचण पुढे होते. आपण आरएनएचा डेटा हातात घेतो आणि पुष्कळदा पहिल्याच पायरीला स्यूडोजीन गाळून टाकतो. तसं इथे केलं असतं तर 5बीची भूमिका दिसलीच नसती. जीन एडिटिंगसाठी प्रती निवडणाऱ्यालाही हाच धोका: 'मेलेली' म्हणून सोडलेली प्रत बाकीच्या दोघींचा तोल बदलत असेल तर?

आता लगेच उलट टोकाला जाऊ नका हं. गव्हातले बहुतेक स्यूडोजीन जनुकांचे तुटके तुकडेच असावेत. माझं म्हणणं एवढंच, की यादीतून काढण्याआधी त्यांची अभिव्यक्ती एकदा बघा. क्यूच्या बाबतीत ती बघितली, म्हणून तर हा निबंध वाचण्यासारखा झाला.