मरणारी माणसे, जगणारे वाचक

समीक्षकाचे वाचन आणि साध्या वाचकाचे वाचन यांत फरक असतो. समीक्षक रचना पाहतो, निवेदन तपासतो, प्रतिमांची सूत्रे लावतो. साधा वाचक एवढेच विचारतो, की या पुस्तकात आमचा माणूस कुठे आहे आणि शेवटी त्याचे काय होते? प्रस्थापित समीक्षेने हा प्रश्न नेहमीच बाळबोध ठरविला. मला तो तसा वाटत नाही. ज्यांच्या घरात पुस्तक पहिल्यांदाच आले, त्यांचा वाङ्मयाशी संबंध याच प्रश्नाने सुरू होतो.

अलीकडे मी तीन गाजलेल्या भारतीय कादंबऱ्या हा प्रश्न मनात धरून वाचल्या. रोहिंटन मिस्त्री यांची 'अ फाइन बॅलन्स' (१९९५), अरुंधती रॉय यांची 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' (१९९७) आणि पेरुमाळ मुरुगन यांची 'पूक्कुळि' (२०१३). पहिल्या दोन मूळ इंग्रजी. तिसरी मूळ तमिळ, 'पायर' या नावाने इंग्रजीत आलेली. तिघेही लेखक दलित समाजाबाहेरचे आहेत, आणि तिघांच्याही सहानुभूतीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. म्हणूनच त्यांच्याशी बोलण्यात अर्थ आहे.

आता हिशेब मांडू. रॉय यांचा वेलुथा हा परावन जातीचा कुशल सुतार. सवर्ण ख्रिस्ती घरातल्या अम्मूवर प्रेम केल्याबद्दल पोलीस त्याला हाडे मोडेपर्यंत मारतात आणि तो कोठडीत मरतो. मिस्त्रींचा नारायण मतदानाच्या दिवशी स्वतःचे मत स्वतः देण्याचा हट्ट धरतो. ठाकूर धरमसीची माणसे त्याला हालहाल करून मारतात, त्याचे घरदार जाळतात. त्याचा मुलगा ओम आणि भाऊ ईश्वर शहरात शिंपीकाम करून जगतात. आणीबाणीच्या नसबंदीत ओमचे पुरुषत्व छाटले जाते, ईश्वरचे पाय जातात, दोघे भीक मागू लागतात. मुरुगन यांची सरोजा परजातीत लग्न करून सासरच्या गावी येते, आणि शेवटी ती लपलेल्या काटेरी झुडपांना गाव आग लावते. तीन पुस्तके, आणि आमच्या माणसाचा शेवट प्रेत, पंगुत्व किंवा राख.

वर्गात या कादंबऱ्यांविषयी बोलत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आपला माणूस शेवटी मेलाच पाहिजे का?" वर्गात थोडे हसू झाले. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

त्याचे एक उत्तर सोपे आहे, आणि ते खरेही आहे. वास्तवच तसे आहे. खैरलांजी २००६ ची, सोनई २०१३ ची, खर्डा २०१४ चे. खर्ड्याच्या खटल्यात २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. मुरुगन यांनी आपली कादंबरी धर्मपुरीच्या इळवरसन या दलित तरुणाला अर्पण केली आहे. आंतरजातीय विवाहानंतर जुलै २०१३ मध्ये त्याचा मृतदेह रेल्वेमार्गाजवळ सापडला होता. तेव्हा लेखकाने खोटा गोड शेवट लिहावा, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार? तसे म्हणणे म्हणजे मेलेल्यांचा पुन्हा एकदा अपमान करणे होय.

मग तक्रार कशाबद्दल? अण्णा भाऊ साठे यांचा फकिराही शेवटी मरणालाच सामोरा जातो. पण 'फकिरा' (१९५९) वाचून उठताना छाती दडपत नाही, ताठ होते. कारण दुष्काळात लूट करून भुकेल्यांना धान्य देणे हा फकिराचा निर्णय आहे, आणि ओलीस धरलेली आपली माणसे सुटावीत म्हणून इंग्रजांच्या हवाली होणे हाही त्याचाच निर्णय आहे. मरण त्याच्या आयुष्याचा अर्थ पुसत नाही. तेव्हा कसोटी मरणाची धरून चालणार नाही. मरण्याआधी तो माणूस स्वतःच्या डोक्याने जगला का, ही खरी कसोटी आहे.

या कसोटीवर वेलुथा अपुरा पडतो. त्याचे हात आपल्याला दिसतात, पाठ दिसते, हसू दिसते. त्याने घडविलेली खेळणी आणि दुरुस्त केलेली यंत्रे दिसतात. पण तो पक्षाचा सभासद का झाला, मिरवणुकीत झेंडा धरताना त्याच्या मनात काय होते, बापाच्या लाचारीचा त्याने कसा विचार केला, हे आपल्याला त्याच्याकडून फारसे कळत नाही. परावनांना आपल्या पावलांचे ठसे पुसत मागे सरकावे लागे, ही आठवणही पुस्तकात मालकिणीच्या तोंडून येते. पेशवाईतल्या कमरेच्या झाडूचा इतिहास ज्यांच्या वाट्याला आला, त्या मराठी वाचकाला येथे थांबावेच लागते. ठसे ज्यांचे पुसले गेले, त्यांची आठवण कुठे आहे? वेलुथा सुंदर आहे. पण त्याचे सौंदर्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांतले आहे.

मिस्त्री यांचे देणे मोठे आहे. त्यांचे ईश्वर आणि ओम बोलतात, भांडतात, थट्टा करतात. चांभारकी सोडून मुसलमान शिंप्याच्या हाताखाली धंदा शिकायला मुलांना पाठविणारा दुखी हा बाप तर मराठी वाचकाला आपल्याच वस्तीतला वाटेल. जात मोडायची तर जातीचा धंदा सोडावा लागतो, हे त्याला कुणी न सांगता कळले आहे. पण मिस्त्रींची माणसे १९७५ साली ज्या समुद्राकाठच्या शहरात येतात, ते नाव न घेताही मुंबई आहे हे स्पष्ट दिसते. त्याच मुंबईत १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, १९७४ साली वरळीची दंगल झाली. त्या शहरात झोपडपट्टीत राहणाऱ्या या दोघांच्या कानावर पँथरची एक घोषणाही पडत नाही. मिस्त्रींना आणीबाणी दिसली, पोलीस दिसले, भिकाऱ्यांचा मुकादम दिसला. लढणारी वस्ती दिसली नाही. म्हणून ओमचा राग एकट्याचा राहतो आणि एकट्यानेच भोगून संपतो. दुःखाचा तपशील अचूक असूनही इतिहास अर्धाच राहतो.

मुरुगन यांनी वेगळी वाट धरली. सरोजाची जात ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. नवरा कुमरेसन ती लपवितो, गाव ती हुंगत राहते. आपल्याकडे खोली भाड्याने मागायला गेले की "मूळचे कुठले?" असे गोड आवाजात विचारतात, त्या प्रश्नाची संपूर्ण यंत्रणा या कादंबरीत उघडी पडते. जातीचे नाव कळण्यासाठी वाचकही उतावीळ होतो, आणि आपण गावकऱ्यांच्याच रांगेत उभे आहोत हे त्याला कळून चुकते. हे सामर्थ्य मान्य केलेच पाहिजे. परंतु नाव न घेण्याची किंमत सरोजा मोजते. तिला माहेर आहे, पण मागे उभा राहील असा समाज नाही, आधाराला विचार नाही. ती फक्त भीते आणि वाट पाहते.

येथे बाबुराव बागूल आठवतात. 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातल्या त्याच नावाच्या कथेतही लपविलेली जात आहे, भाड्याची खोली आहे, मारहाण आहे. पण तिथे सांगणारा 'मी' आहे. मार खाल्ल्यावर तो मार कुणाचा, याचा निर्णय तोच करतो. साठ वर्षांपूर्वी मराठी कथेने ही जागा जिंकली होती. जगभर वाचल्या गेलेल्या या कादंबऱ्या त्या जागेच्या अलीकडेच थांबतात.

दलितेतरांनी दलितांवर लिहू नये, असा याचा अर्थ कुणी काढू नये. लिहावे, जरूर लिहावे. पण आमच्या मरणाचे साक्षीदार होताना आमच्या विचारांचेही साक्षीदार व्हावे. आणि जबाबदारी त्यांच्यावरच टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्या आत्मकथनांनी साहित्याला हादरा दिला. पण शिकलेला, नोकरी करणारा, कर्जाचे हप्ते भरणारा, जयंतीला वर्गणी देणारा आणि मनात सतत वाद घालणारा आजचा आपला माणूस कादंबरीत अजून पुरेसा उभा राहिलेला नाही. तो मेलेला नाही, म्हणून त्याच्यावर लिहायचे नाही की काय? त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर समीक्षेतून मिळणार नाही. ते कुणीतरी कादंबरी लिहूनच द्यावे लागेल. कदाचित त्यानेच.