भत्ता कायद्यात आहे, पोच कोणाच्या हातात?

दरेकसा इथं बेकारी भत्त्यावर बोलायचं तर पहिला प्रश्न हाच, की तो इथं मिळतो कोणाला? धानाची कापणी-मळणी उरकली की तेंदूपत्त्यापर्यंतचे महिने रिकामे. एक तर रोहयोचं काम, नाहीतर गोंदियाकडची किंवा डोंगरगडकडची गाडी. भत्ता लिहिलाय तो याच महिन्यांसाठी.

कायदा मुळात आपलाच. वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ चा रोजगार हमी अधिनियम, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पैसा आला १९७५ च्या व्यवसाय करातून. पगारदाराचा कर मालकानं कापून भरायचा, सरकारनं तेवढीच भर घालायची. मुंबईचा कारकून सालेकसा तालुक्यातल्या मजुराच्या हमीला उभा होता, हे मला आजही मोठं वाटतं. पण त्या कायद्यात भत्ता किती? रोज किमान एक रुपया.

२००५ च्या केंद्रीय कायद्यानं दर सुधारला. मागितल्यापासून १५ दिवसांत काम नाही, तर पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान पाव, पुढं निदान अर्धा. अकुशल मजुरी केंद्राची, भत्ता मात्र राज्याचा. म्हणजे काम दिलं तर पैसे दिल्लीचे, नाही दिलं तर दंड मुंबईला. राज्यानं मुकाट्यानं कामं काढावीत म्हणून केलेली ही युक्ती, आणि कागदावर ती चांगलीच आहे. पण दंड चुकवायचा एक स्वस्त रस्ता उघडा राहिला. मागणी नोंदवायचीच नाही! १५ दिवस मोजायचे तारखेच्या पोचेपासून. नमुना ४ भरून दिलात, पोच मिळाली नाही, तर कायद्याच्या लेखी तुम्ही काम मागितलंच नाही. ‘काम निघालं की सांगतो,’ एवढं तोंडी उत्तर घेऊन माणूस घरी जातो. अनेक ठिकाणी मागणीची तारीखच काम निघाल्यावर पडते. मग भत्ता लागू होणार कसा?

आता विमा असलेल्या कामगाराकडं बघा. २०१८ च्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर सरासरी कमाईच्या २५ टक्के, ९० दिवसांपर्यंत. पण दावा शेवटच्या मालकामार्फत. ज्यानं काढलं त्याच्याच दारात! २०२० मध्ये टाळेबंदीनंतर २५ चे ५० टक्के झाले, आणि दावा थेट शाखा कार्यालयात देता येऊ लागला. चर्चा झाली ५० टक्क्यांची. मला दुसरा बदल मोठा वाटतो. (जुलै २०१९ मध्ये मालकांची विमा वर्गणी ४.७५ वरून ३.२५ टक्क्यांवर आणली होती, हेही लक्षात असू द्या.)

रोहयोत असं काही झालं नाही. डिसेंबर २०२५ च्या नव्या कायद्यात १०० चे १२५ दिवस झाले, जाहिरात त्याचीच. पण आता मजुरीतलाही ४० टक्के वाटा महाराष्ट्राचा, आणि भत्ता राज्याकडंच. काम देणं महाग, न देणंही महाग. स्वस्त उरलं ते पोच न देणं.

दिवस वाढवा, जरूर वाढवा. पण मागणी पोस्टात, बँकेत, कुठंही नोंदवता आली पाहिजे, आणि पोच लगेच मजुराच्या हातात पडली पाहिजे. एवढी दुरुस्ती करायला कुठला नवा कर लागत नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.