वैमानिकेचे मौन आणि कादंबरीची बडबड

४ सप्टेंबर १९३६ रोजी बेरिल मार्कम इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनहून एकटीच पश्चिमेकडे निघाली. अटलांटिक या दिशेने ओलांडणे अधिक अवघड, कारण वारा समोरून येतो आणि इंधन जास्त लागते. सोबत रेडिओ नव्हता. एक टाकी संपून इंजिन थांबले की अंधारात चाचपडत दुसऱ्या टाकीची तोटी उघडायची. वीसहून अधिक तासांनी कॅनडातील केप ब्रेटन बेटावरच्या दलदलीत विमानाचे नाक रुतले. इंग्लंडहून उत्तर अमेरिकेत न थांबता एकटीने पोहोचणारी ती पहिली स्त्री.

केनियात वाढलेल्या या वैमानिकेवर पॉला मॅकलेन यांनी ‘सर्कलिंग द सन’ (२०१५) ही कादंबरी लिहिली. तिच्यात हे उड्डाण आरंभी आणि शेवटी येते. मधला बराचसा भाग फसलेली लग्ने आणि डेनिस फिंच हॅटन, कॅरन ब्लिक्सन व बेरिल या त्रिकोणाने व्यापला आहे. विमानविद्या येते ती अखेरीकडे.

ही मांडणी मला खटकते ती बेरिलच्या ‘वेस्ट विथ द नाइट’ (१९४२) या आत्मकथनामुळे. तिची तीन लग्ने झाली. पण तिच्या कथनात त्या संसारांना जागा नाही. तिथे आहे ते काम: दूरच्या खाणवस्तीतील रुग्णासाठी रात्री प्राणवायू पोहोचवणे, हरवलेल्या वैमानिकाचा शोध, शिकाऱ्यांसाठी हत्तींचे कळप हवेतून हेरणे. आपली ओळख कशावरून व्हावी, हे तिने या मौनातून ठरवले होते.

गाळलेले सांगण्याचा हक्क कादंबरीकाराला आहेच, आणि मॅकलेन तो सहानुभूतीने बजावतात. अठराव्या वर्षी शर्यतीचे घोडे तयार करण्याचा परवाना मिळवणाऱ्या मुलीची प्रकरणे जिवंत उतरली आहेत, कारण तिथे तिचे हात कामात दिसतात. विमान मात्र सुटकेचे प्रतीक होऊन राहते. यंत्र, हवामान, नकाशा यांच्याशी तिची झटापट फारशी दिसत नाही.

श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’मध्येही आनंदीबाई डॉक्टर झाल्याची कहाणी दांपत्यकथा म्हणूनच उभी राहते. तिथे ते अटळ होते. गोपाळरावांच्या हट्टाविना ते शिक्षण घडते ना. बेरिलच्या उड्डाणाला अशा आधाराची गरज नव्हती.

पुढे तर ते आत्मकथन तिसऱ्या नवऱ्यानेच लिहिले, असाही वाद झाला. जिचे लेखनही पुरुषाच्या खात्यावर टाकले गेले, तिच्यावरच्या कादंबरीने निदान तिचे आकाश तरी तिच्या नावावर ठेवायला हवे होते.