साकी, दिंडी आणि आमची आजी

आमची आजी पेणची, माहेर रोह्याचं. घरी तेलाचा घाणा, भातशेती, नारळाची वाडी. खाऊनपिऊन सुखी असं बेने इस्राएली घराणं. शुक्रवारी दिवेलागणीला घाणा थांबे, तो शनिवारी चांदण्या दिसल्यावरच पुन्हा फिरे. या रिवाजामुळेच कोकणाने आम्हांला 'शनवार तेली' म्हटलं. सगळं वैभव मागे ठेवून ती इस्राएलला आली, पण कीर्तन सोबत आणलं.

बेने इस्राएलांचं मराठी कीर्तन १८८०च्या सुमारास उभं राहिलं. आरंभीच्या कीर्तनकारांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचं नाव मानाने घेतलं जातं. अष्टमी हे कुंडलिकेच्या पलीकडचं, रोह्यासमोरचं गाव, म्हणून आजी त्यांचं नाव माहेरच्या माणसाचं घ्यावं तसं घ्यायची. बाज हरिदासी कीर्तनाचा, आख्यान मात्र अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. हिब्रू न जाणणाऱ्यांपर्यंत तोरातल्या कथा या कीर्तनाने पोहोचवल्या, हे त्याचं फार मोठं काम.

मलिद्याच्या संध्याकाळी पोहे, गूळ, ओलं खोबरं नि फळांचं ताट पुढे ठेवून एलियाहू हन्नाबीचं स्मरण झालं की आजीला आग्रह व्हायचा. योसेफाला भाऊ खड्ड्यात टाकतात तिथे ती साकी निम्म्यावर थांबवायची, आम्हां मुलांकडे एकेक करून पाहायची, मगच पुढचा चरण उचलायची. आमच्यात भांडणं झालेली असली तर ती नजर चांगलीच बोचायची!

पूर्वी कीर्तनाला उभे राहायचे ते बहुधा पुरुष. आज इस्राएलमध्ये ही पदं मुख्यतः आपल्या बायकांनीच जपली आहेत. लोद, रामले, अश्दोद, बेरशेबा, दिमोना इथे त्या वह्या उघडून बसतात, पेटी-टाळ घेऊन गातात. त्यांचे उपकार आपण मोठ्याने मान्य केले पाहिजेत.

मला काळजी आहे ती चालींची. जुन्या वहीत पदाच्या डोक्यावर नुसतं 'साकी', 'दिंडी' किंवा एखाद्या विसरलेल्या नाटकातल्या पदाची चाल, एवढंच लिहिलेलं असतं. शब्द कागदावर टिकतात, देवनागरी न येणाऱ्या नातवंडांना हिब्रू अक्षरांत उतरवूनही देता येतात. चाल मात्र गाणाऱ्याबरोबर जाते. तेव्हा घरी आजी, मावशी, आत्या गाणाऱ्या असतील तर या शब्बाथनंतर त्यांच्याजवळ बसा, वहीतलं एकेक पद म्हणवून घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. वहीची पानं नंतरही उतरवता येतील.