‘शोले’चा शेवट कोणाचा?

‘शोले’ आम्ही पहिल्यांदा पाहिला तो टीव्हीवर. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या मोहल्ल्यात थोरामोठ्यांना त्यातले संवाद तोंडपाठ होते. शेवटी ठाकूर गब्बरला पायाखाली ठेचत असतो, इतक्यात पोलीस येतात, कायद्याची आठवण करून देतात आणि ठाकूर पाय मागे घेतो. हा शेवट लहानपणीही आम्हाला खटकायचा. सारे घडून गेल्यावर आलेले पोलीस उपदेश कसला करतात, असे वाटायचे.

पुढे कळले की तो शेवट मुळातला नव्हताच. सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या आणि रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. ज्याला हात नाहीत त्याचे शस्त्र पायच. म्हणून रामलाल त्याच्या जोड्यांना खिळे ठोकतो. चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ ला लागायचा होता आणि २५ जूनला आणीबाणी जाहीर झाली. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणे सेन्सॉर बोर्डाला मान्य झाले नाही. दिग्दर्शक नाखूश होते. पण निर्माते असलेल्या वडिलांनी, जी. पी. सिप्पी यांनी, वाद वाढवला नाही. शेवट पुन्हा चित्रित झाला. इमामसाहेबांच्या अहमदच्या हत्येचे दृश्यही कापले गेले.

यातला विरोधाभास पाहा. ज्या जूनमध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद झाली, त्यानंतर काही आठवड्यांतच पडद्यावरच्या ठाकूरला मात्र कायद्याचा धडा दिला गेला.

बाजारानेही एक प्रयत्न करून पाहिला. सुरुवातीचा प्रतिसाद थंड दिसताच जयला जिवंत ठेवणारा शेवट नव्याने चित्रित करावा, असा विचार झाला. सुदैवाने तो बारगळला. बाजार थांबला, सरकार थांबले नाही.

परदेशातही हेच घडले आहे. ऑर्सन वेल्स यांचा ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) हा गुन्हेगारीच्या काळोख्या चित्रपटांतला मानाचा नमुना. त्यातला पोलीस अधिकारी खोटे पुरावे पेरतो आणि संशयित नेमका गुन्हेगारच निघतो. युनिव्हर्सल स्टुडिओने तो चित्रपट वेल्स यांच्या हातून काढून घेऊन परस्पर जुळवला. वेल्स यांनी ५८ पानांचे निवेदन लिहिले. त्या निवेदनाबरहुकूम चित्रपट पुन्हा जुळला तो १९९८ मध्ये. वेल्स १९८५ मध्येच वारले होते.

कोणी म्हणेल, पोलिसांचा शेवटच योग्य. हे म्हणणे आम्ही झटकून टाकणार नाही. झुंडी रस्त्यावरच ‘इन्साफ’ करू लागतात, तेव्हा कायद्याचा आधार सर्वांत जास्त आपल्यासारख्यांनाच लागतो. पण मूळ शेवट सुडाचा जयजयकार करत नाही. गब्बर मेल्यावर ठाकूर कोसळतो, रडतो. वीरू त्याला सावरतो. गेलेले घर परत येत नाही, हे ते रडणे सांगते. बदललेल्या शेवटात हे रडणेच गेले. कायदा पाळावा हे तत्त्व खरे. पण कथेतून न उगवता वरून चिकटवलेले तत्त्व मनात रुजत नाही. सुडाची व्यर्थता सरकारी उपदेशापेक्षा ठाकूरच्या आसवांनी अधिक शिकवली असती.

फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जतन केलेली प्रत मूळ शेवटासह जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या येथे दाखवली गेली आणि डिसेंबरमध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत आली. पन्नास वर्षे लागली. तोवर ठाकूर साकारणारे संजीवकुमारही राहिले नव्हते आणि गब्बर साकारणारे अमजद खानही.

सेन्सॉरला दोष देताना आमची लेखणीही आठवते. आमच्या उर्दू शाळेत परीक्षेला आम्ही अपूर्ण कहाणी मुकम्मल करायला देतो. एका मुलाने चोर सापडलाच नाही, असा शेवट केला होता. ‘यातून नसीहत काय?’ असे लाल शाईने लिहून आम्ही दोन गुण कापले. त्याने असे का लिहिले, हे मात्र विचारले नाही.