अंतिम वर्षाचा प्रकल्प : मार्गदर्शन आणि मूल्यमापन

पुसद येथे १९८३ साली व यवतमाळ येथे १९९६ साली अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि जिल्ह्यातील विद्यार्थ्याला तंत्रशिक्षण घराजवळ उपलब्ध झाले. संगणकशास्त्राच्या पदवीची खरी कसोटी म्हणजे अंतिम वर्षाचा प्रकल्प होय. तोवर विद्यार्थी इतरांनी घातलेले प्रश्न सोडवीत असतो. येथे प्रश्न त्यानेच मांडावयाचा असतो. मार्गदर्शनाचे मर्म या मांडणीत आहे. प्रचलित मूल्यमापनाचा भर मात्र पुष्कळदा बांधीव अहवाल आणि अखेरची तोंडी परीक्षा यांवरच राहतो.

कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्यात सहज सुचणारा विषय घ्यावा : पानाच्या छायाचित्रावरून पिकाचा रोग ओळखणे. यासाठी ‘प्लांटव्हिलेज’ हा छायाचित्रसंग्रह सर्रास वापरला जातो. २०१६ साली मोहंती, ह्यूजेस व सालाथे यांनी त्यातील ५४,३०६ छायाचित्रांच्या आधारे ९९.३५ टक्के अचूकता मिळविली. परंतु निराळ्या परिस्थितीत घेतलेल्या छायाचित्रांवर ती ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली, हेही त्यांनीच नमूद केले. शिवाय त्या संग्रहातील १४ पिकांत कापूस नाहीच. सोयाबीनची आहेत ती केवळ निरोगी पाने. २०१७ साली ज्या गुलाबी बोंडअळीने कापूस ग्रासला, ती तर बोंडाच्या आत दडलेली असते. तिचा शोध पानावर घेणे व्यर्थ होय.

असा प्रकल्प उत्तम आकडे दाखवून उत्तीर्ण होऊ शकतो. ‘छायाचित्रे कोठली, उपयोग कोणाला?’ हा प्रश्न पहिल्या महिन्यात विचारला तर विषयाला वळण देता येते. तोच तोंडी परीक्षेत विचारला तर तो केवळ विद्यार्थ्याला अडविणारा ठरतो.

एका मार्गदर्शकाकडे अनेक गट असतात, हा आक्षेप खरा आहे. परंतु येथे अधिक वेळेपेक्षा वेळेच्या वाटणीचा प्रश्न आहे. विषयास मान्यता देण्यापूर्वी शिवारातील किंवा बाजार समितीतील प्रत्यक्ष पाहणीची टिपणे मागावीत. प्रणालीतील बदलांची ‘गिट’मधील नोंद तपासावी व तिला प्रत्येकाच्या प्रश्नोत्तरांची जोड द्यावी, म्हणजे गटातील कोणी काय केले ते बरेचसे कळते. आणि प्रामाणिकपणे नोंदविलेल्या अपयशालाही गुण असावेत. एरवी विद्यार्थी ९९ टक्केच लिहील.

२०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा ठिकाणी पिकाविषयीच्या चुकीच्या सल्ल्याचे मोल गुणपत्रिकेत मोजता येत नाही.